पुढची महापालिका निवडणूक परिसराच्या प्रश्नांवर लढवायची असेल, तर मधली वर्षे कशी वापरावीत?

पायवाट

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातील २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी काही शहरांत २०२० पासून आणि बहुतेक शहरांत २०२२ पासून प्रशासकांच्या हाती कारभार होता. त्या काळात परिसरातील लहानसहान कामासाठीसुद्धा कोणाकडे जावे हे सामान्य माणसाला कळत नव्हते, आणि त्यातूनच आमच्या भागातील काही रहिवाशांचा एक गट तयार झाला. पदपथ, पावसाळी गटारे, रात्रीचा पथदिव्यांचा प्रश्न, अपुऱ्या दाबाने येणारे पाणी आणि आराखड्यात दाखवलेले पण प्रत्यक्षात न झालेले मैदान हे आमचे विषय आहेत.

पुढच्या निवडणुकीत आमच्यापैकी कोणीतरी उभे राहावे असे गटातील अनेकांना वाटते, तर उरलेल्यांना दबावगट म्हणून बाहेर राहणेच योग्य वाटते. प्रचाराच्या शेवटच्या काही आठवड्यांत जागे होणारे उमेदवार आम्ही पाहिले आहेत आणि तसे आम्हाला करायचे नाही. म्हणून ज्यांनी निवडणूक लढवली आहे, ज्यांनी सभागृहात काम केले आहे किंवा ज्यांनी बाहेरून पाठपुरावा केला आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे.

उंबरठा

माझे मत स्पष्टपणे विरोधात आहे. परिसराच्या प्रश्नांवर काम करणारा गट निवडणुकीत उतरला की त्याच्या प्रत्येक अर्जाकडे मते मिळवण्याची खटपट म्हणून पाहिले जाते. काल ज्या अधिकाऱ्याने तुमचे निवेदन शांतपणे ऐकून घेतले, तोच उद्या तुम्हाला विद्यमान नगरसेवकाचा प्रतिस्पर्धी समजून चार हात दूर राहतो.

शिवाय कायद्याने ठेवलेले दुसरे दार आपण वापरतच नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ नुसार अशा समितीवर बिगर-सरकारी आणि वस्तीपातळीवरील संस्थांचे कमाल तीन प्रतिनिधी नामनिर्देशित करता येतात. किती शहरांतील नागरिकांनी या जागांसाठी आग्रह धरला आहे? क्षेत्रसभांची, म्हणजे प्रभागातील लहान भागांतल्या मतदारांच्या सभांची, तरतूदसुद्धा कायद्यात आहे. आधी त्या भरवण्याची मागणी लावून धरावी, असे मला वाटते.

नीलमोहोर

मी एक पूर्ण मुदत नगरसेविका होते. उंबरठा यांनी मांडलेली भीती खरी आहे, परंतु बाहेर राहिल्याने काय हातचे जाते, तेही सांगायला हवे.

सर्वप्रथम, नगरसेवक रस्ता बांधत नाही. आपल्याकडे महापालिकेचे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते. सर्वसाधारण सभेने एकमताने ठराव केला, तरी तो निलंबित किंवा विखंडित (रद्द) करण्याचा अधिकार त्याच अधिनियमाच्या कलम ४५१ खाली शासनाकडे आहे. म्हणून ‘मी निवडून आल्यास अमुक काम पूर्ण करीन’ हे वचन मुळातच अपुरे असते. नगरसेवकाच्या हाती तीन गोष्टी असतात: सभागृहात प्रश्न विचारून प्रशासनाकडून लेखी उत्तर मिळवणे, समित्यांमध्ये प्रस्तावांची छाननी करणे आणि अंदाजपत्रकात आपल्या कामासाठी तरतूद करून घेणे.

यातील अंदाजपत्रकाचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बाहेरच्या गटांना तो सर्वांत कमी ठाऊक असतो. आयुक्त मसुदा स्थायी समितीसमोर ठेवतात आणि तेथून तो सर्वसाधारण सभेकडे जातो. १९४९ च्या याच अधिनियमानुसार स्थायी समितीत १६ सदस्य असतात, म्हणजे सभागृहातील बहुसंख्य नगरसेवक त्या टप्प्यावर दाराबाहेरच असतात. मी पहिल्या वर्षी हे पाहिले आणि पुढे प्रत्येक वेळी मसुदा समितीकडे जाण्यापूर्वीच संबंधित खात्याच्या अभियंत्याकडून कामाचा खर्चाचा अंदाज तयार करून घेऊ लागले. ज्या कामाचा अंदाज तयार नसतो, त्याच्यापुढे नाममात्र रक्कम लिहिली जाते. वर्षअखेर ती रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवली जाते आणि नागरिकांना मात्र ‘तरतूद झाली आहे’ असे सांगितले जाते.

तुमच्या गटाने मधल्या वर्षांत अंदाजपत्रक वाचायला शिकावे. मागील तीन वर्षांची तरतूद, प्रत्यक्ष खर्च आणि वळवलेली रक्कम हे तिन्ही रकाने शेजारी ठेवून पाहावेत. निवडून आलात तर हाच अभ्यास कामी येईल आणि न आलात तरी वाया जाणार नाही.

अक्षांश

निवडणुकीच्या गणिताबद्दल कोणीच लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. मुंबईत २२७ प्रभाग आहेत आणि प्रत्येकातून एकच नगरसेवक निवडला जातो. इतर महापालिकांत मात्र बहुतांश प्रभाग चार सदस्यांचे आहेत. तेथे मतदार अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत देतो. प्रभागाचा विस्तार मोठा असल्याने चार-सहा गल्ल्यांत उत्तम काम असलेला अपक्ष त्या गल्ल्यांत आघाडी घेतो आणि उरलेल्या प्रभागात त्याचे नावही कोणाला माहीत नसते. पक्षाच्या चार उमेदवारांचे चिन्ह एकच असते, तर चार अपक्ष एकत्र आले तरी त्यांना चार वेगवेगळी चिन्हे लोकांच्या लक्षात आणून द्यावी लागतात.

यापेक्षा मोठी अडचण पुढे आहे. आत्ताची प्रभागरचना २०११ च्या जनगणनेवर आधारलेली आहे. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, त्यामुळे पुढच्या निवडणुकीच्या वेळी लोकसंख्येचे आकडे नवे असतील आणि सीमा बदलण्याची शक्यता फार मोठी आहे. आज तुम्ही ज्याला ‘आपला प्रभाग’ म्हणता, तो त्या रूपात मतदारासमोर येईलच असे नाही. म्हणून काम प्रभागाच्या सीमेवर थांबवू नका. शेजारच्या वस्त्यांत ओळख वाढवा. प्रारूप प्रभागरचना प्रसिद्ध झाल्यावर हरकती नोंदवण्याची मुदत थोडी असते, तेव्हा नकाशा वाचता येणारी दोन माणसे तरी गटात असू द्या.

रानवारा

आरक्षणाची सोडत निवडणुकीच्या तोंडावर निघते. मग उमेदवार आधीपासून तयार करणे शक्य तरी आहे का?

अक्षांश

रानवारा, एक उमेदवार तयार करणे शक्य नाही, पण गट तयार करणे शक्य आहे. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि त्याशिवाय अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व नागरिकांचा मागास प्रवर्ग यांच्या जागा असतात. चार सदस्यांच्या प्रभागात साधारणतः दोन जागांवर महिलाच उभ्या राहू शकतात. तुमच्या बैठकांत आज बोलणारे सगळे पुरुष असतील आणि सोडतीनंतर घाईघाईने कोणाच्या तरी पत्नीचे नाव पुढे करायचे असेल, तर तुम्ही ज्यांच्यावर टीका करता त्यांच्यात आणि तुमच्यात फरक राहणार नाही. स्त्रियांनी प्रश्न मांडणे, अधिकाऱ्यांशी बोलणे, जागेवर पाहणी करणे हे आजपासून व्हायला हवे.

आणखी एक गोष्ट म्हणजे राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते मुदतीत सादर न झाल्याने निवडून आलेल्यांची पदे गेल्याची उदाहरणे आहेत. त्या कागदपत्रांचे काम आधी हाती घ्यावे.

माध्यान्ह

पायवाट यांनी मैदानाचा उल्लेख केला आहे आणि त्यावर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण आमच्या गटाचा बहुतेक काळ याच विषयात गेला.

विकास आराखड्यात एखाद्या खासगी जमिनीवर मैदानाचे आरक्षण असले, म्हणजे मैदान मिळाले असे नसते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही, तर मालक महापालिकेला खरेदी सूचना, म्हणजे जमीन विकत घ्या अशी नोटीस, बजावू शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि जमीन मालकाला शेजारच्या जमिनीप्रमाणे विकसित करता येते. हे सगळे परिसरातील एकाही माणसाला न कळता घडू शकते, कारण सूचना मालक आणि महापालिका यांच्यात असते. तिची जाहिरात फलकावर लागत नाही.

आमच्याकडे माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज केला होता. त्यात परिसरातील कोणत्या आरक्षणांवर खरेदी सूचना आली आहे, ती कोणत्या तारखेला आली आणि महापालिकेने पुढे काय केले, एवढेच विचारले होते. उत्तरात आमच्या मैदानाची सूचना निघाली आणि मुदत संपायला थोडाच अवधी उरला होता. संबंधित खात्याचे म्हणणे असे होते की संपादनासाठी निधी नाही. आम्ही नगरसेवकांना भेटलो. त्यांच्यापैकी एकाने सभेत लेखी प्रश्न दिला आणि तेव्हा प्रशासनाला आपली भूमिका नोंदवावी लागली. मालकाशी बोलणी सुरू झाली आणि अखेर रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे बांधकामासाठी वापरता किंवा विकता येणारा हक्क) देऊन जमिनीचा मोठा भाग महापालिकेकडे आला. एक तुकडा मात्र वादात अडकला आणि तो अजून तसाच आहे.

यातून उंबरठा आणि नीलमोहोर या दोघांचेही म्हणणे मला पटते. मुदत शोधून काढली ती बाहेरच्या गटाने. ती सभागृहाच्या नोंदीत आणली ती निवडून आलेल्या माणसाने. आम्ही फक्त निवेदने देत राहिलो असतो, तर ती फाइल हलली असती असे मला वाटत नाही. पायवाट, तुमच्या मैदानाचा आराखडा कोणत्या वर्षी मंजूर झाला, हे आधी पाहा. दहा वर्षे उलटली असतील, तर निवडणुकीची वाट पाहण्याइतका वेळ तुमच्यापाशी नाही.

सावली

इथपर्यंतची चर्चा वाचून एक प्रश्न विचारावासा वाटतो. ‘परिसर’ म्हणजे नेमके कोण? पदपथ मोकळे हवेत ही मागणी सोसायटीत राहणाऱ्यांची असते. त्याच पदपथावर भाजी विकणारी बाई त्याच प्रभागातील वस्तीत राहते आणि तीही मतदार आहे. तिच्यासाठी पदपथ मोकळा होणे म्हणजे रोजगार जाणे होय.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. त्याच कायद्याने नगर पथविक्रेता समिती स्थापन करायची असून तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांतून निवडून आलेले असावेत आणि त्यांतील एक तृतीयांश महिला असाव्यात, असे म्हटले आहे. रहिवासी संघटनांनाही तिथे स्थान आहे. म्हणजे दोघांनी समोरासमोर बसून विक्रीक्षेत्र ठरवावे, अशी व्यवस्था कायद्यातच आहे. परंतु परिसर विकासाच्या नावाने उभे राहणारे बहुतेक उमेदवार ‘अतिक्रमणमुक्त पदपथ’ एवढेच पत्रकावर छापतात. वस्तीतील लोकांनी त्यांना मते का द्यावीत?

भाड्याने राहणाऱ्यांचेही तसेच आहे. त्यांची नावे अनेकदा जुन्या पत्त्यावरच राहतात आणि सोसायटीच्या सभेत त्यांना बोलावले जात नाही. तुमच्या गटात यांतील कितीजण आहेत, हे पायवाट यांनी सांगावे. मैदान, पाणी, दिवे हे विषय सर्वांचे आहेत, पण त्यांचा क्रम सर्वांचा एक नाही. वस्तीत सार्वजनिक शौचालयाची दुरुस्ती आणि रात्री तिथे दिवा असणे हा पहिला प्रश्न असतो.

उंबरठा

सावलीताईंचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि माझ्या विरोधाचे मूळही तेथेच आहे. दबावगट एका बाजूची मागणी प्रामाणिकपणे मांडू शकतो. निवडून आलेल्या माणसाला दोन्ही बाजूंचे प्रतिनिधित्व करावे लागते. तुमचा गट त्यासाठी तयार आहे का? नसेल, तर प्रभाग समितीतील जागा तुम्हाला अधिक शोभेल.

नीलमोहोर यांना एक प्रश्न आहे. आपण सांगितलेले अंदाजपत्रकाचे काम नागरिकांना थेट करता येत नाही का? पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे.

नीलमोहोर

करता येते आणि करावेच. परंतु त्या मार्गाने बाक, दिवे, पदपथाची दुरुस्ती अशी लहान कामे सुचवता येतात. पावसाळी गटाराचा व्यास अपुरा असेल, तर तो प्रश्न संपूर्ण पाणलोटाचा असतो आणि त्याची तरतूद शहराच्या पातळीवर होते. ज्या रस्त्यावर पाणी तुंबते, त्या रस्त्याची मागणी करून काही होत नाही. खालच्या बाजूचा नाला रुंद झाला तरच वरचे पाणी उतरते, आणि तो नाला बहुधा दुसऱ्या प्रभागात असतो. तेथील नगरसेवकाला सोबत घेऊन एकत्रित प्रस्ताव आणणे हे सभागृहातच होऊ शकते.

सावलीताईंच्या प्रश्नाबाबत माझा अनुभव सांगते. माझ्या कार्यकाळात मला सर्वाधिक विरोध माझ्याच मतदारांकडून झाला, कारण मी विक्रेत्यांसाठी जागा निश्चित करण्याच्या बाजूने मत दिले होते. काही सोसायट्यांनी पुढे माझ्याशी संबंध ठेवला नाही. मला त्या मताचा आजही अभिमान आहे. निवडणूक लढवताना अशा निर्णयांबद्दल आधीच उघडपणे बोलावे, म्हणजे नंतर फसवणूक झाल्याची भावना कोणाच्या मनात राहत नाही.

कृष्णाकाठ

आमचे गाव नगरपरिषदेचे आहे. येथे १९६५ चा वेगळा अधिनियम लागू होतो, आयुक्तांऐवजी मुख्याधिकारी असतात आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. प्रभाग लहान असल्यामुळे अपक्षाला घरोघरी पोहोचता येते. मोठ्या शहरांचे अनुभव छोट्या गावांना जसेच्या तसे लावू नयेत, एवढेच सांगायचे आहे.

तळटीप

मी वकिली करते, म्हणून काही कायदेशीर बाबी मांडते. उमेदवाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते आणि त्याचे नाव त्या शहराच्या मतदारयादीत असावे लागते. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी बनवत नाही. विधानसभेची यादी प्रभागनिहाय विभागली जाते, त्यामुळे नाव नोंदवायचे किंवा पत्ता बदलायचा असेल, तर ते काम विधानसभेच्या यादीतच आणि बऱ्याच आधी करावे लागते. सावलीताईंनी उल्लेख केलेल्या भाडेकरूंसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे. प्रारूप प्रभागनिहाय यादी आल्यावर तुमच्या गल्लीतील नावे चुकून शेजारच्या प्रभागात गेली आहेत का, हे तपासून हरकत घ्यावी.

अपात्रतेच्या बाबतीत लोक दोन गोष्टींकडे दुर्लक्ष करतात. महापालिकेच्या कोणत्याही कंत्राटात उमेदवाराचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असू नये. भागीदारीतील लहानसा पुरवठासुद्धा अडचणीचा ठरतो. दुसरे म्हणजे स्वतःचे किंवा आपल्या पाठिंब्याने झालेले अनधिकृत बांधकाम, कारण महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १०(१ड) खाली नगरसेवकाचे पद त्यावरून जाऊ शकते. गच्चीवरची पत्र्याची खोली किंवा बंद केलेली बाल्कनी असेल, तर ती आधीच नियमानुसार करून घ्यावी.

निवडणुकीच्या खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत सादर करावा लागतो, आणि हा नियम हरलेल्या उमेदवारालाही लागू आहे. हिशेब दिला नाही, तर पुढील तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले जाऊ शकते. पराभवानंतर निराश होऊन हिशेबाकडे पाठ फिरवणारे अनेक चांगले उमेदवार मी पाहिले आहेत.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. सावलीताई, आमच्या गटात वस्तीतील कोणीही नाही आणि भाडेकरूही फारसे नाहीत. पुढची बैठक वस्तीतील समाजमंदिरात घ्यावी आणि विषयपत्रिका त्यांनीच ठरवावी, असा प्रस्ताव मी काल गटासमोर ठेवला. दोघांनी नापसंती दाखवली, बाकीचे तयार आहेत.

माध्यान्ह यांनी सुचवल्याप्रमाणे आराखड्याचे वर्ष पाहिले आणि दहा वर्षे उलटली आहेत. माहितीच्या अधिकारातील अर्ज आज दिला. आता एक शेवटचा प्रश्न आहे. एका पक्षाने गटातील दोघांना विचारणा केली आहे. अपक्ष राहून निवडून आल्यावर गरज पडली तर पक्षात जावे, असे काहीजण म्हणतात. हे योग्य ठरेल का?

तळटीप

तो मार्ग धरू नका. स्थानिक प्राधिकरण सदस्यांच्या अपात्रतेबाबतचा राज्याचा १९८६ चा कायदा अपक्षांनाही लागू आहे. अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर पक्षात गेला, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पक्षात जायचे असल्यास निवडणुकीआधी उघडपणे जावे. तसे नको असेल, तर राज्य निवडणूक आयोगाकडे स्थानिक आघाडीची नोंदणी करण्याचा विचार करावा आणि त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा.

नीलमोहोर

पक्षाकडे जाण्याला मी सरसकट विरोध करणार नाही. समित्यांवरील जागा पक्षाच्या संख्याबळानुसार मिळतात आणि एकट्या अपक्षाला त्या मिळणे फार कठीण असते. परंतु पक्षाशी बोलताना उमेदवारीआधी एका गोष्टीची स्पष्टता घ्या: मैदानाच्या जमिनीबाबत किंवा विक्रीक्षेत्राबाबत पक्षाचा आदेश गटाच्या भूमिकेविरुद्ध आला तर काय करायचे? पक्षादेश मोडून मतदान केल्यास त्याच १९८६ च्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते. हा प्रश्न ज्या दोघांना विचारणा झाली आहे, त्यांनी आधी गटासमोर आणि मग पक्षासमोर मांडावा.

माध्यान्ह

पायवाट, अर्जात खरेदी सूचनेच्या तारखेबरोबर त्या फाइलवरील शेरे आणि पत्रव्यवहार यांच्या प्रतीही मागितल्या आहेत ना? नसतील तर दुसरा अर्ज आजच द्या. माहिती देण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि अपिलात गेल्यास त्याहून बराच अधिक काळ जातो, आणि २४ महिन्यांचा काळ त्यासाठी थांबत नाही.

पायवाट

प्रती मागितलेल्या नव्हत्या. दुसरा अर्ज उद्या सकाळी देत आहे. उत्तर आले की येथेच कळवीन.